सिकलसेल: प्रथिनाची घडी, नोबेलची बातमी आणि तुमच्या हातातले कार्ड

गेल्या काही वर्षांत सिकलसेलचे नाव बातम्यांत पुन्हा पुन्हा येत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. योगायोगाने त्याच दिवशी आपल्या नंदुरबार जिल्ह्याला २५ वर्षे पूर्ण झाली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या एका नव्या जनुकोपचाराला मान्यता दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये याच आजारावरचे एक महागडे औषध कंपनीने जगभरातून परत घेतले. त्यानंतर पंधरवड्यातच, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथिनांचा आकार ओळखणाऱ्या आणि नवी प्रथिने रचणाऱ्या शास्त्रज्ञांना जाहीर झाले.

या बातम्यांनंतर ओपीडीत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: "डॉक्टर, तो नवीन इलाज आपल्याकडे कधी येणार?" दुसरा: "शिबिरात रक्त घेतले, कार्ड दिले, आता पुढे काय?" पहिला प्रश्न मोठा वाटतो. पण धडगाव, मोलगी, तळोदा, नवापूर इथल्या बहुतेक घरांसाठी दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे समजायला आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे प्रथिनाचा आकार. वरच्या चारही बातम्यांना जोडणारा धागा तोच आहे.

प्रथिन म्हणजे काय आणि त्याची घडी कशी पडते?

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, मांस आठवते. पण शरीराच्या आत प्रथिने म्हणजे काम करणारी यंत्रे आहेत. अन्न पचवणे, जंतूंशी लढणे, ऑक्सिजन वाहून नेणे ही सगळी कामे प्रथिने करतात.

प्रत्येक प्रथिन सुरुवातीला एखाद्या मण्यांच्या माळेसारखे असते. हे मणी म्हणजे अमिनो आम्ले. त्यांचे २० प्रकार आहेत. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी ओवायचा, हे आई-वडिलांकडून मिळालेल्या जनुकात लिहिलेले असते. माळ ओवून झाली की ती सरळ लोंबत राहत नाही. ती स्वतःच वळते, पिळते आणि दुमडून एका ठरावीक आकारात बसते. यालाच प्रथिनाची घडी पडणे म्हणतात.

ही घडी कोण घालते? बरेचसे काम पाणीच करते. काही मण्यांना पाणी आवडते, काहींना तेलासारखे पाणी नकोसे असते. पेशीच्या आत सगळीकडे पाणी असल्यामुळे पाणी नकोसे असणारे मणी माळेच्या आतल्या बाजूला लपतात आणि पाणी आवडणारे बाहेर राहतात. अमेरिकन शास्त्रज्ञ क्रिश्चन ॲन्फिन्सेन यांनी एका प्रथिनाची घडी रसायनांनी मोडून दाखवली. रसायने काढून घेतल्यावर ते प्रथिन आपोआप पूर्वीच्या आकारात परतले. आकाराची सूचना माळेतच असते, हे त्यातून सिद्ध झाले. या कामासाठी त्यांना १९७२ चे नोबेल मिळाले.

आकार बिघडला की प्रथिनाचे काम थांबते. अंडे उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, तो परत पातळ होत नाही. उष्णतेने त्यातल्या प्रथिनांच्या घड्या सुटतात आणि त्या माळा एकमेकींत गुंततात. मणी तेच असतात, पण आकार गेलेला असतो.

सिकलसेलमध्ये नेमके काय बिघडते?

रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन हेही प्रथिनच आहे. एका तांबड्या पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. प्रत्येक रेणू चार माळांचा बनलेला असतो: दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेत १४६ मणी असतात. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडते, व्हॅलिनला ते नकोसे असते. बाकी १४५ मणी जसेच्या तसे असतात.

सिकलसेलच्या हिमोग्लोबिनची घडी जवळजवळ बरोबरच पडते. ते ऑक्सिजन घेते आणि सोडतेही. अडचण आहे ती बाहेरच्या बाजूला आलेल्या त्या एका मण्याची. त्याची तुलना दाराच्या कडीशी करता येईल. शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूवर त्या कडीचा कोयंडा असतो, पण तो नेहमी उघडा नसतो. हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडते तेव्हा त्याचा आकार थोडा बदलतो, आणि तेव्हाच हा कोयंडा उघडा पडतो. मग एका रेणूची कडी दुसऱ्याच्या कोयंड्यात, दुसऱ्याची तिसऱ्याच्या, असे करत लांबच लांब कडक दोऱ्या तयार होतात. गोल, मऊ तांबडी पेशी आतून ताणली जाते आणि विळ्याच्या पात्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून आजाराला हे नाव पडले.

गोल पेशी बारीक रक्तवाहिनीतून दुमडून सहज निघते. विळ्यासारखी पेशी अडकते, आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हाडे, छाती, पोट, पाठ यांत उठणारी असह्य वेदना यामुळे होते. वाकलेल्या पेशी लवकर फुटतात. साधारण तांबडी पेशी १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसच टिकते. म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. ही कावीळ यकृताच्या दुखण्याची असेलच असे नाही. ती पेशी फुटल्याने झालेली असू शकते. काविळीची जडीबुटी घेत महिने घालवण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे विचारून घ्या.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारात हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असतो हे दाखवले. एखादा आजार रेणूच्या बदलातून होतो हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झाले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो बदललेला मणी शोधला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेलची पहिली नोंद झाली.

पाणी प्या, थंडीपासून जपा, असे डॉक्टर का सांगतात?

कडी कोयंड्यात अडकायला थोडा वेळ लागतो. बहुतेक वेळा पेशी तेवढ्यात फुप्फुसात परतते, तिला ऑक्सिजन मिळतो, कोयंडा बंद होतो आणि संकट टळते. रुग्ण एरवी बरा दिसतो तो यामुळे. हा वेळ कमी झाला किंवा पेशीचा प्रवास लांबला की कळ येते.

शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतलेही पाणी कमी होते आणि हिमोग्लोबिन आणखी दाट होते. दाटी थोडीशी वाढली तरी दोऱ्या कितीतरी पट लवकर तयार होतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशी वाटेतच रेंगाळते. तापात पाणी कमी होते आणि शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. न्यूमोनियात ऑक्सिजनच कमी मिळतो.

आता हे आपल्या जिल्ह्यातल्या वर्षाशी ताडून पाहा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत किंवा इतर जिल्ह्यांत जातात. पहाटेची थंडी, उघड्यावरचा मुक्काम, दिवसभर कष्ट, पाण्याची टंचाई, दवाखाना दूर आणि गोळ्या गावातच राहिलेल्या. कळ येण्यासाठी लागणारी सगळी कारणे एका जागी जमतात. म्हणून "पाणी भरपूर प्या" हा औषधोपचारच समजा. स्थलांतराआधी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या, उबदार कपडे बरोबर ठेवा, तपासणीचा कागद आणि कार्ड पिशवीत ठेवा. दारूने शरीरातले पाणी कमी होते, त्यामुळे सिकलसेल रुग्णाने ती टाळलेलीच बरी.

नोबेलच्या बातमीचा आपल्याशी काय संबंध?

मॅक्स पेरुट्झ यांना हिमोग्लोबिनचा त्रिमितीय आकार उलगडायला २० वर्षांहून अधिक काळ लागला. १९६२ मध्ये त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासोबत नोबेल मिळाले. त्याच सुमारास मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी प्रथिनांची माळ कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत नाही, याचा आराखडा मांडत होते. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा रामचंद्रन आलेख आजही जगभर वापरला जातो.

२०२४ चे नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. हसाबिस आणि जंपर यांच्या अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीला मण्यांचा क्रम दिला की ती प्रथिनाच्या आकाराचा बऱ्याच अंशी अचूक अंदाज देते. २० कोटींहून अधिक प्रथिनांचे असे अंदाज आज शास्त्रज्ञांना मोफत उपलब्ध आहेत. बेकर यांनी निसर्गात नसलेली नवी प्रथिने रचून दाखवली. नव्या लशी आणि औषधे शोधायला या कामाचा उपयोग होईल यात शंका नाही.

पण ही बातमी वाचून "आता सिकलसेलचे कोडे सुटले" असे समजू नका. सिकलसेलमध्ये घडीचे कोडे अडलेले नव्हते. कोणता मणी बदलतो हे १९५० च्या दशकातच कळले होते. हिमोग्लोबिनचा आकारही माहीत आहे. तरीही सिकलसेलची मुले आजही लहान वयात दगावतात. आजाराचे कारण कळणे आणि त्यावरचा उपचार रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचणे, या दोहोंत किती अंतर असू शकते ते सिकलसेलमध्ये स्पष्ट दिसते.

आकार ओळखून बनवलेले औषध परत का घेतले?

सप्टेंबर २०२४ मध्ये परत घेतलेले औषध व्हॉक्सेलोटर. ते ऑक्सब्रायटा या नावाने विकले जात होते. त्यामागची कल्पना वर सांगितलेल्या आकाराशी जोडलेली होती. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावले तर कोयंडा उघडणार नाही आणि दोऱ्या बनणार नाहीत. औषधाने रक्ताचे प्रमाण वाढलेही, आणि त्या आधारावर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढच्या माहितीत मात्र कळा आणि मृत्यू यांचे प्रमाण काळजी वाटावी असे दिसले आणि फायझर कंपनीने ते जगभरातून मागे घेतले.

यातून रुग्णाने लक्षात ठेवायची गोष्ट साधी आहे. रिपोर्टवरचा आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळ किती वेळा आली, किती दिवस शाळा बुडली, किती वेळा दाखल व्हावे लागले, याची वही ठेवा. ती डॉक्टरांना दाखवा. औषध लागू पडते की नाही हे त्या वहीतून जास्त नीट समजते.

नवा जनुकोपचार आपल्याकडे कधी येणार?

२०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या उपचाराचे नाव कॅसजेव्ही. यात रुग्णाच्या मूळ पेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात बदल करतात. मग तीव्र केमोथेरपीने रुग्णाची जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी परत देतात. अनेक आठवडे रुग्णालयात राहावे लागते. १२ वर्षांवरील रुग्णांसाठी ही मान्यता आहे. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक. आपल्या दिल्लीतील आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत स्वस्त देशी जनुकोपचाराचे काम चालू आहे. पण तो जिल्हा रुग्णालयात मिळण्याच्या टप्प्यावर आलेला नाही. सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा जुळत असेल तर प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. ते मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांत होते आणि त्यातही धोके आहेत. "जनुक बदलून देतो" किंवा "पंधरा दिवसांत सिकलसेल मुळापासून घालवतो" असे कोणी जवळपास सांगत असेल तर पैसे देऊ नका.

या महागड्या उपचाराची युक्ती मात्र ऐकण्यासारखी आहे. तो बिघडलेला सहावा मणी दुरुस्त करत नाही. तो गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. आईच्या पोटात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा माळ नसते, म्हणून ती कडीही नसते. दोऱ्या बनत असताना हे रेणू मध्ये आले की साखळी तुटते. बाळ जन्मल्यावर हे हिमोग्लोबिन हळूहळू कमी होते. त्यामुळे सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते आणि साधारण सहा महिन्यांनंतर त्रास सुरू होतो. हातापायांची बोटे सुजून बाळ रडत राहणे हे अनेकदा पहिले लक्षण असते.

हेच गर्भीय हिमोग्लोबिन वाढवणारी एक साधी कॅप्सूल आपल्याकडे आधीपासून आहे. तिचे नाव हायड्रॉक्सीयुरिया.

हायड्रॉक्सीयुरिया: प्रत्येक एसएस रुग्णाने विचारायचे औषध

हे औषध देशाच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. कळा कमी होतात, रक्त चढवण्याची गरज कमी होते, छातीतल्या गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण घटते. तज्ज्ञांच्या सल्ल्याने लहान मुलांनाही देता येते. मात्र चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, हे दुखणे थांबवणारे औषध नाही. ते रोज घ्यायचे असते आणि परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. "दुखत नाही म्हणून बंद केले" हे सर्वात जास्त नुकसान करणारे वाक्य आहे. दुखत नाही, कारण गोळी चालू आहे.

दुसरी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. म्हणून ठरलेल्या दिवशी रक्ताची सीबीसी तपासणी चुकवू नका.

तिसरी, गर्भधारणेचा विचार असेल, स्त्रीचा असो की पुरुषाचा, आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात हे औषध सहसा थांबवतात.

चौथी, वाहक व्यक्तीला या गोळीची गरज नसते.

याच्याबरोबर फॉलिक ॲसिड, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलिन आणि सर्व लसी आवश्यक आहेत. न्यूमोकोकल लस आता सरकारी लसीकरणात आहे. सिकलसेलमध्ये पाणथरी लवकर निकामी होते, त्यामुळे साधा वाटणारा ताप या मुलांत काही तासांत जिवावर बेतू शकतो. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू ठेवू नका. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच जास्त झालेले असू शकते. तसेच कळ आली की दर वेळी दुखणे थांबवणारे इंजेक्शन घेत राहिल्याने किडनीला इजा होते.

कार्ड कसे वाचावे?

कार्डाच्या रंगावर जाऊ नका, त्यावरची अक्षरे वाचा.

एए म्हणजे दोन्ही जनुके साधी. सिकलसेल नाही.

एएस म्हणजे वाहक. एक जनुक साधे, एक सिकलसेलचे. पेशीत अर्ध्याहून अधिक साधे हिमोग्लोबिन असल्याने दोऱ्या सहसा बनत नाहीत. वाहक व्यक्ती शेती, नोकरी, खेळ, लग्न सगळे करू शकते. ती आजारी नाही.

एसएस म्हणजे रुग्ण. दोन्ही जनुके सिकलसेलची.

शिबिरात बहुधा आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर सिकलसेलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी लागते. सहा महिन्यांखालील बाळात सोल्युबिलिटी चाचणीवर विसंबू नये. तुमच्या हातात फक्त "पॉझिटिव्ह" लिहिलेला कागद असेल तर तुमची तपासणी अर्धीच झाली आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पक्क्या रिपोर्टबद्दल विचारा.

लग्नाआधी कार्ड पाहावे का?

महाराष्ट्रात झालेल्या पाहणींमध्ये भिल्ल आणि पावरा समाजांत वाहकांचे प्रमाण शंभरात २० ते ३५ पर्यंत आढळले आहे. पाचात एक वाहक धरला, तरी दर २५ जोडप्यांत एक जोडपे असे निघू शकते की दोघेही वाहक आहेत. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन आणि एए होण्याची चारात एक असते. पहिले मूल एसएस झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब नसतो. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. एक वाहक आणि दुसरा एए असेल तर बाळ एसएस होत नाही.

होळी झाली की आपल्याकडे लग्नांचे दिवस येतात. कार्ड पाहायचे असेल तर बोलणी सुरू होण्याआधी, आणि मुलाचे व मुलीचे दोघांचेही पाहा. फक्त मुलीचे कार्ड मागणे हा अन्याय आहे आणि विज्ञानाच्या दृष्टीनेही चूक आहे. एसएस बाळाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून आलेले असते. आईला दोष देणाऱ्या घराने बापाचाही रिपोर्ट पाहावा.

लग्न झाले आहे आणि दोघेही वाहक आहात, तर घाबरू नका. गर्भधारणा होताच लवकर नोंदणी करा. साधारण १० ते १२ आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रक्तविज्ञान संशोधन संस्थेत ती होते. पुढे काय करायचे हा निर्णय पती-पत्नीचा आहे. तो घेण्याआधी समुपदेशन मागा. तपासणी नको असेल, तर बाळाची जन्मानंतर लगेच चाचणी करून उपचार वेळेवर सुरू करता येतात.

वाहकांना मलेरियाच्या गंभीर आजारापासून काहीसे संरक्षण मिळते. शेकडो पिढ्या मलेरियाच्या जंगलांत राहिलेल्या समाजांत हे जनुक टिकून राहिले ते यामुळे. हा शाप नाही, कोणाच्या कर्माचे फळ नाही, आणि फक्त आदिवासींचा आजारही नाही. विदर्भात इतर अनेक समाजांतही तो आहे.

मोहिमेकडे कसे पाहावे?

राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट १७ राज्यांतील प्रभावित भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवण्याचे आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक तपासण्या झाल्या. सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत आशाताई आणि आरोग्यसेविका पोहोचल्या, हे मोठे काम आहे. पूर्वी "अंग दुखते, रक्त कमी आहे" एवढ्यावर आयुष्य निघून जायचे. आज आजाराला नाव मिळाले.

पण कार्ड हा उपचार नाही, ती सुरुवात आहे. तपासणी एकदाच करायची असते, तर गोळी रोज घ्यायची असते. म्हणून मोहिमेचा खरा हिशोब मला पुढील प्रश्नांत दिसतो. एसएस निघालेल्या प्रत्येक मुलाला दर महिन्याला गोळ्या मिळतात का? उपकेंद्रात साठा संपला तर कुटुंबाला आधी कळते का? ऊसतोडीला गेलेल्या रुग्णाला दुसऱ्या राज्यातही औषध मिळते का? वाहक आई-वडिलांच्या बाळाची जन्मतःच तपासणी होते का? ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत हे प्रश्न तुम्हीही विचारू शकता, आणि विचारले पाहिजेत.

दुसरी काळजी शब्दाची आहे. निर्मूलन आजाराचे करायचे आहे, माणसांचे नाही. मोहिमेचा सगळा भर "वाहकाने वाहकाशी लग्न करू नये" एवढ्यावरच राहिला तर आज जगत असलेल्या रुग्णांचे काय, हा प्रश्न मागे पडेल. त्यांना हक्क आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्यामुळे एसएस रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एसटी प्रवासाची सवलत आणि संजय गांधी निराधार योजनेबद्दल जिल्हा रुग्णालयातील सिकलसेल विभागात आणि तहसील कार्यालयात चौकशी करा.

ताबडतोब दवाखाना कधी गाठावा?

एसएस रुग्णाला पुढीलपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

- १०१ किंवा त्याहून जास्त ताप
- छातीत दुखणे, धाप लागणे
- एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, झटका येणे
- लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला अचानक फुगणे, मूल पांढरे पडणे, सुस्त होणे
- घरच्या गोळीने न थांबणारी कळ
- अचानक कमी दिसू लागणे
- पुरुषांत लिंगाला दोन तासांहून अधिक वेदनादायक ताठरता
- गरोदरपणात कोणतीही कळ, ताप किंवा धाप

घरच्या रीतीप्रमाणे भगताला दाखवायचे असेल तर तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण ताप असलेले किंवा धाप लागलेले मूल आधी दवाखान्यात आणा. पोटाला किंवा अंगाला डाग देऊ नका. त्याने कळ थांबत नाही, जखमेतून जंतुसंसर्ग मात्र होतो.

आज घरी गेल्यावर काय कराल?

घरातल्या प्रत्येकाचे कार्ड काढा आणि अक्षरे वाचा. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याचे नाव आशाताईंना द्या. कोणी एसएस असेल तर हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे का, शेवटची सीबीसी कधी झाली आणि किती दिवसांच्या गोळ्या शिल्लक आहेत, हे तीन प्रश्न विचारा. भावंडांची आणि मामा-मावशी, काका-आत्या यांचीही तपासणी करून घ्या.

शास्त्रज्ञ तो सहावा मणी दुरुस्त करायच्या मार्गावर आहेत, आणि एक दिवस तो उपाय नंदुरबारपर्यंतही येईल. त्या दिवसापर्यंत तुमचे मूल धडधाकट राहिले पाहिजे. त्यासाठी लागणारी गोळी, लस, पाणी आणि वेळेवरची तपासणी या गोष्टी आजच मिळू शकतात. त्या मागून घ्या.